कानांची डबी

सहाला दहा कमी.
खडकवासल्याच्या चौपाटीवरच्या गाड्या
अजून निळ्या ताडपत्रीत झोपलेल्या.
कालच्या भज्यांच्या तेलाचा वास,
आणि कणसांच्या पोत्यावर बसून
मिश्री लावणारी एकटी चांगुणा ढेबे.

मी दोन्ही कान काढते,
जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवते.
डबी तिच्या हातात.
ती काहीतरी म्हणते. रोज म्हणते.
रोज ते मला ऐकू येत नाही.
मी मान हलवते.

‘पाण्यात उतरण्यास सक्त मनाई’ –
पाटीच्या गंजलेल्या पाठीवर कुणीतरी बदाम काढलाय.
आधी गाळ. मग कुणाची तरी एका पायातली चप्पल,
मग वेफर्सची पिशवी,
मग काहीच नाही.

टँकवर तळाशी काळी रेघ असे,
पंचवीस मीटरवर भिंत;
भिंतीला हात लागला की वाटायचं, पोचलो.
इथे दहा हात मारायचे, डोकं वर काढायचं
आणि सिंहगडावरचा टॉवर शोधायचा.
सापडला की पुन्हा दहा.
धुक्यात नुसता अंदाज.
संसारही असाच केला, फार चुकला नाही.

कमरेला दोरी, दोरीला नारिंगी फुगा.
नसरापूरच्या विहिरीत दादांनी
पाठीला तेलाचा पत्र्याचा डबा बांधून ढकललं होतं.
तेव्हाची माझी किंकाळी
मला स्वतःला ऐकू आली होती.
आता फुगा मुकाट मागून येतो.

मधोमध उताणी होते.
पाणी कानात शिरतं, शिरू दे,
तिथे त्याला कुणी अडवायला नाही.
लग्नघरात, बँकेत, सुनेच्या फोनवर
मी ‘काय?’ म्हणणारी बाई.
पाण्याखाली मात्र
सगळेच माझ्यासारखे.

(घैसासबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या,
‘शी! तेच पाणी आमच्या नळाला!’
मी म्हटलं, गाळून प्या.)

मे महिन्यात धरण खाली गेलं
आणि एका सकाळी, मध्याच्या जरा अलीकडे,
टेकू नयेत तिथे पाय टेकले.
दगडावर दगड, शेवाळलेले, सरळ ओळीत.
मी उभी राहिले.
चहूकडे पाणी आणि मी गुडघाभर पाण्यात,
जणू कुणाची वाट पाहायला आलेली.

परत आले, केस पिळायच्या आधी
कान घातले, विचारलं,
‘चांगुणा, रोज काय म्हणतेस गं मला?’

तिने थुंकून घेतलं.
‘काय न्हाय वो.
आमच्या आज्याच्या आज्याचं वावर हाय त्यात.
म्हन्ते, जातायसा तर जावा,
पर बांधाबांधानं जावा,
पीक तुडवू नका.’

दुसऱ्या दिवशी डबी दिली.
तिचे ओठ हलले.
मी मान हलवली,
पाण्यात शिरले,
आणि तेवढ्या पट्ट्यात
पाय जरा हळू मारले.