दानम्माच्या मागासाठी, आवृत्ती तीन

पहिला बोर्ड पेटला.
पेटला म्हणजे धूर, जळका वास,
आणि उद्यमबागेतल्या त्या पत्र्याच्या खोलीत
मल्लेशीचं एकच वाक्य, "उलटा बसलाय की हा."
रेग्युलेटर. चूक माझी.
पाय मी वरून मोजले होते,
कागदावर तो खालून काढलेला.

दुसरा पेटला नाही.
फक्त वेळ चुकवायचा.

खासबागेत दानम्माचे चार माग.
धोटा मिनिटाला एकशेवीस वेळा सुटतो.
आडवा धागा तुटला
तर पुढच्या फेऱ्याआधी माग थांबायला हवा,
नाहीतर साडीत रेघ, साडी दुय्यम,
आणि दुय्यमचे पैसे व्यापारी कसे देतो ते तिलाच विचारा.
अर्धा सेकंद.
आपल्याला एक पापणी, चिपला अख्खी हयात.
तेवढ्यात ती सगळ्या कामांना नावानं हाक मारून
पुन्हा झोपूनही जाते.

तरी महिन्यातून एखादे वेळी, पहाटे तीनच्या सुमारास,
धागा तुटायचा आणि माग चालत राहायचा.
मी बघायला बसले की कधीच नाही.
"तुमचं ते लई शाणं हाय," दानम्मा म्हणाली,
"खरं कामाला उशिरा येतंय."

मग एका संध्याकाळी दुसऱ्या रेल्वे गेटाला अडकले.
गेट उघडलं, आणि रुळांतच
उसाच्या रसाचा गाडा रुतलेला.
त्याच्या मागं ॲम्ब्युलन्स, बोंबलत.
ॲम्ब्युलन्सला कुणीही वाट दिली असती,
पण गाड्याला कोण देणार?
डावीकडून स्कूटर, उजवीकडून स्कूटर,
जो तो त्याच्या पुढून घुसतोय,
आणि गाडा तिथंच, चाक अर्धं वर.
शेवटी एक फुलवाली मधे उभी राहिली,
टोपली डोक्यावर, हात आडवा:
"गाडा आधी सोडा रे! तोच ॲम्ब्युलन्स समजा!"

मी स्कूटर बंद करून हसत बसले.
मागचे हॉर्न मारायला लागले.

आमच्या बोर्डात आकडे दाखवणारं काम
सगळ्यांत खालच्या मानाचं.
पण वाटेची किल्ली नेमकी त्याच्या हातात,
मधली कामं त्याला पुढं सरकू देत नाहीत,
आणि धाग्याचा पहारा दाराशी ताटकळत.
मल्लेशीनं नियम लिहिला त्याच रात्री:
किल्ली ज्याच्या हातात,
त्याला तेवढ्यापुरता वाट बघणाऱ्याचा मान.
मी तरीही धाग्याला स्वतंत्र तार दिली.
नियमावर विश्वास आहे. तांब्यावर जास्त.

मग छपाईचं भांडण.
बोर्डावर पांढऱ्या शाईत काय लिहायचं, कुठल्या लिपीत?
मल्लेशी गोकाकचा, मी अनगोळची,
पाट्यांवरून फुटलेल्या काचा दोघांनीही झाडलेल्या.
तासभर कुणी बोललं नाही.
कनेक्टरच्या पहिल्या पायाला, रिवाजाप्रमाणं, ठिपका होता.
तेवढा ठेवला.
बाजूला जागा उरली, तिथं धोट्याचं चित्र काढलं,
ते मासोळीसारखं दिसतं, असं सगळेच म्हणतात.

नकाशा, तारांच्या फाइली, भागांची यादी,
पहिल्या बोर्डाची ती उलटी चूकसुद्धा
सगळ्यांसाठी उघडी टाकली.
ज्याला हवं त्यानं घ्यावं, बदलावं, विकावं,
नाव ठेवावं,
दोन्ही अर्थांनी.

तिसरी आवृत्ती आली ती मंगळवारी.
रात्री मी खासबागेतच राहिले,
बाजेवर दानम्मा, फरशीवर मी,
खटाक्-खट, खटाक्-खट, त्यात कुत्रीही ऐकू येत नाहीत.
तीनला दहा कमी.
आणि एकदम काहीच नाही.

ती आवाजानं नाही, आवाज गेल्यानं उठली.
दिवा लावला, वाकली, तुटलेलं टोक
दोन बोटांत धरून माझ्याकडं बघितलं.
कापड स्वच्छ. रेघ नाही.
गाठ मारून दांडी ओढली
आणि काही न बोलता पुन्हा आडवी झाली.

आकड्यांची खिडकी अजून उलटी दिसते.
ते आवृत्ती चारला.