पेराच्या खाली

सकाळी सव्वासातला ओल्डमच्या ग्रंथालयासमोरून
बस निघायच्या आधी ट्रेव्हरनं डोकी मोजली.
एकेचाळीस. पुन्हा मोजली, तर बेचाळीस.
"असू दे," तो म्हणाला, "एखादं जास्तीचं बरं,
गुलाबांत कोणी ना कोणी हरवतंच."

मोटरवेवर सँडविचचे डबे उघडले.
इनिडनं मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरलेली,
कोणी चोरेल की काय अशी.
खरं तर उलटंच होतं, पण ते नंतर.

हार्टलवुड हॉल. एका तिकिटात तीन बागा,
त्यातली ही दुसरी.
पहिलीत पाऊस होता, आणि स्वच्छतागृहाची रांग.

फाटकापाशी एक काका, गळ्यात नावाचा पट्टा,
सांगू लागले: हे तळं खोदायला दोनशे माणसं, अकरा वर्षं,
ही टेकडी आधी नव्हती,
आणि तिथं एक गाव होतं, दृश्याच्या आड येणारं,
ते पलीकडे नेलं.
नेलं म्हणाले,
खुर्ची सरकवावी तसं.
आम्ही माना डोलावल्या. दृश्य खरंच छान होतं.

हिरवळ थेट गाईंपर्यंत गेलेली, मध्ये कुंपण नाही.
"मग गाई आत कशा येत नाहीत?" ग्लेनिसनं विचारलं.
काका याच प्रश्नाची वाट पाहत होते.
चालत चालत काठाशी आलो तेव्हा कळलं:
खाली खंदक, पुरुषभर उंच भिंत.
घरातून दिसत नाही.
गाईला दिसते.
"याला म्हणतात हा-हा," काका म्हणाले.
क्लिफर्ड वाकून बघत राहिला. मग म्हणाला,
"माझ्या आजोबांनी ही त्या बाजूनं पाहिली असती."
नाव हा-हा, पण हसलं कोणीच नाही.
एक गाय रवंथ करत
आमच्या छत्र्यांकडे बघत होती.

चहा साडेतीनला, बस साडेचारला.
इनिड कुठे असेल ते मला ठाऊक होतं.
भिंतीआडच्या बागेत, जिथं ऊन विटांत मुरतं,
एका जांभळ्या पेन्स्टेमनपुढे ती उभी,
पर्स उघडी:
ओला टिश्यू, प्लॅस्टिकची पिशवी, नखं कापायची कात्री.
एकतीस वर्षं सूतगिरणीत
चालत्या यंत्रावर तुटला धागा जोडणारी बोटं,
आता पेरापेरांत सुजलेली.
कात्रीच्या कडीत अंगठा जाईना.

तेवढ्यात मागं एक ढकलगाडी थांबली.
माळीण. विशीतली पोरगी, गुडघे मातीचे,
एकाच कानात चार बाळ्या.
इनिडनं पर्स मिटली.
मी आभाळाकडे बघू लागले, तिथं काही नव्हतं.

पोरगी जरा थांबली. मग म्हणाली,
"फुलाची नका घेऊ, ती रुजत नाही.
ही बघा, कोवळी, बिनफुलाची.
आणि कापायची ती पेराच्या बरोब्बर खाली.
मुळं तिथूनच फुटतात."
कापल्या तिनंच. तीन काड्या.
टिश्यूत गुंडाळून हातात ठेवताना
तिला इनिडची बोटं दिसली,
आणि तिनं चौथी कापली.

परतताना डोकी एकेचाळीसच भरली.
"मग सकाळी कोण होतं ते?" ट्रेव्हरनं विचारलं.
कोणाला सांगता येईना.
अंधार पडला. सगळे पेंगले. स्कोनचा चुरा सगळ्यांच्या कुशीत.
इनिडच्या पर्सची चेन बोटभर उघडी,
आतून एक पान बाहेर डोकावत होतं,
हवा लागावी म्हणून तिनंच ठेवलेलं.

चौथा मजला, स्वयंपाकघराची खिडकी, दह्याचा रिकामा डबा.
ऑक्टोबरात मी विचारलं.
"दोन कुजल्या," ती म्हणाली. "एक सुकली.
आणि ती चौथी,
ती अजून काही ठरवत नाहीये."