टॉवर क्रमांक सत्तेचाळीस

नरंदेच्या उसात खुंटी ठोकली तेव्हा
अक्काताई मगदूम बांधावर विळा घासत होत्या.
"ह्यो लोखंडी पाव्हणा किती दिस?"
आता कायमचाच, मी म्हणालो.

मोबदल्याचा कागद दोनदा वाचला,
आकड्याशी थांबल्या.
"वारं पठारावर, ऊन माळावर,
आन् रस्ता तेवढा आमच्या डोक्यावरनं व्हय?"
मी टेप गुंडाळत राहिलो.

मालद्याची पोरं वर चढली,
तार ओढताना बंगालीत एकमेकांना शिव्या घालत.
अक्काताईंनी खालून भाकरी-काकवी दाखवली:
उतरा आदी.

तारेखाली पाचट पेटवू नका, मी बजावलं,
धुरानंही लाईन पडते.
"एवढी भित्री तुमची वीज?"

परवा फोन. भर दुपारी.
मागे मोटर घरघरत होती.
"थ्री फेज दिवसा आलीया, साहेब.
ह्याच तारेची काय?"
सांगता येत नाही, सगळी एकातच मिसळते.
"ऱ्हाऊ द्या. पाटाच्या पाण्यागतच की."

मग थोडं थांबून,
"पर रात्री दोनला डोळा उघडतोय अजून.
हात उशाखाली
बॅटरी हुडकतोय."