ओल कुठे लागली

अक्कलकोट रोडवरून कंटेनर निघाला तेव्हा
बेचाळीस गठ्ठे. ‘आत टॉवेल असल्याचे समजते’,
एवढंच पावती बोलते, डोळा मारून.

आधी ट्रक, बाळ्याला वाघिणीवर चढला, मग जहाज.
कागद एकच.

हॅम्बुर्गला उघडलं, तर सगळे भिजलेले.
ट्रकवाला म्हणतो, रेल्वेत.
रेल्वे म्हणते, समुद्रात.
समुद्राची सही कुठेच नाही.

ओल कुठे लागली ते कळलं नाही,
की भरपाई किलोवर येते.
गुंडेटी वकील चष्मा पुसत विचारतात,
सुक्या किलोवर, की ओल्या?

लक्ष्मीनरसू जॉबर मागावरची नजर न काढता:
टॉवेलच होता, साहेब.
पाणी दिसलं, प्याला.
करार पाळला तो त्यानंच.