शेवटची कापणी

एप्रिलच्या दहा तारखेला ताफिदानं विळा
तुतीच्या खोडात रोवला
आणि म्हणाली, बस.

दसूकच्या कालव्यालगतचं तिचं दीड फेद्दान बरसीम
तोवर चार वेळा कापून झालं होतं,
चार वेळा पुन्हा गुडघ्याला लागलं होतं.
पाचवी कापणी म्हशीची.
म्हशीला ते ठाऊक होतं.

जाऊ म्हणाली, काप की अजून पंधरा दिवस,
रान हिरवं असताना दावणीला भुसा टाकतेस?
ताफिदा काही बोलली नाही.
गेल्या साली तिनं ऐकलं होतं.
महिना सरेतो कापत राहिली,
आणि उशिराच्या फुलांवर वाळवंटातून खमसीन आला.
गोंडे उभ्या जागी भाजले,
तळहातावर चोळले तर नुसता कोंडा.
मग बी विकत आणावं लागलं, बाजारातून, उघड्या पोत्यातलं.

ते काय होतं, हे यंदा मेमध्ये कळलं:
पांढऱ्या फुलांत एक पिवळा दोरा.
मुळं नाहीत, पानं नाहीत,
नुसतं धरून राहणं.
ती वाकली. सोडवत बसली नाही.
दोऱ्याभोवती दोन हात जास्तीचं रिंगण धरून
चांगलं बरसीमही कापलं, फुलांसकट,
आणि तिथंच पेटवलं.
ओलं होतं. दिवसभर धुमसलं.
म्हैस धुराकडं बघत राहिली.

रिझ्कल्लानं त्याआधीच बांधावर पेट्या मांडल्या होत्या,
मातीच्या नळ्यांची त्याच्या बापाची पद्धत सोडून
निळ्या रंगाच्या, लाकडी.
भाडं नको म्हणाला, मध माझा.
माशी फुलावर बसते, पाकळीचा कप्पा रेटते,
आतलं टोक उसळून तिच्या पोटाला लागतं.
एवढंच.
पण हे एवढंच
एका गोंड्यात साठ-सत्तर वेळा व्हावं लागतं.
नाही झालं, तर फुलं पांढरीच राहतात बराच वेळ,
देखणी, आणि रिकामी.

मग तिनं पाणी तोडलं.
हे सगळ्यात अवघड.
कालवा भरून वाहतोय, पंपाचा दट्ट्या हाताशी,
आणि आपण पीक वाळताना बघायचं.
पाणी दिलं तर पालाच माजतो,
खालून नवी फूट येते, बी विसरतं पिकायचं.

जूनमध्ये, फज्रच्या नमाजाआधी,
दव असतानाच कापणी.
ऊन चढलं की तपकिरी गोंडा हात लावताच गळतो,
मुंग्यांचं घर भरतं.
नात शादिया कंदील धरून पुढं,
झोपेत, एका पायात चप्पल.

व्यापाऱ्यानं काळ्या फडक्यावर मूठभर बी पसरलं,
नखानं एकेक दाणा सारत गेला,
खरबरीत, करडं काही सापडतंय का बघत.
मोहरीहून थोडे मोठे, पिवळे, गुळगुळीत.
एखादा जांभळट.
पंख्याचा वारा लागू नये म्हणून
ताफिदा मध्ये उभी राहिली.

त्यानं फडकं गोळा केलं. भाव सांगितला.
वाईट नव्हता. फार चांगलाही नाही.

तिनं एक डबा बाजूला काढला होता आधीच,
तुपाचा, झाकणाला चिंधी लावून.
तो विकायला नव्हता.

घरी आली तेव्हा म्हशीनं मान वळवली नाही.
दोन महिने दूध निम्म्यावर होतं.
ताफिदानं मळणीतलं काड पुढ्यात टाकलं
आणि तिथंच बसली, ते उचललं जाईपर्यंत.