खुळखुळा

या महिन्याची खेप माझी.
सहा कार्डं कापडात गुंडाळून कमरेला खोचलेली,
पायात जुस्तिनोचे बूट, माझे तळातून गेलेत,
आणि लुएन्या नदीपर्यंत नुसता उतार.
पुढे दवाखाना. सगळे मिळून बावीस किलोमीटर,
ड्रायव्हर खुशीत असला तर निम्मे ट्रकवर,
कोळशाच्या पोत्यांवर बसून.

सहाजणांचा आमचा गट.
एकानं जायचं, सहाजणांचं आणायचं.
वर्षातून दोनदाच प्रत्येकाची तंगडतोड,
बाकीचे दहा महिने कुणीतरी आपल्यासाठी चाललंय
हे गोळी गिळताना माहीत असतं.
नाहीतर बारा-बारा वर्षं कोण गिळेल सांगा
जे दुखतच नाही त्याच्यासाठी?

सुरुवातीला भीतीच गिळायला लावते.
पण भीती काही पक्क्या रंगाची नसते,
दोन वर्षांत धुवून निघते.
मग अंगावर मांस चढतं, शेळ्या वितात,
पोरीचं लग्न ठरतं,
आणि एखाद्या संध्याकाळी वाटतं, आज राहू दे.
राहू दे.
मी ऐकलाय तो आवाज. फार मऊ असतो.
आपलाच असतो.

निघायच्या आदल्या रात्री मोजणी.
सेलेस्तिनाच्या अंगणात, चटईवर, कंदील मध्ये ठेवून
ज्यानं त्यानं आपली बाटली उलटी करायची.
दोन उरायला हव्यात.
आमेलियाच्या दोन. जुस्तिनोच्या दोन. माझ्या दोन.
रोझिताची एक, कारण एक कोंबडीनं पळवली
(कोंबडी ठणठणीत आहे, आमच्याहून जास्त जगेल).
सेलेस्तिनाच्या अर्थात दोन.
मग झेफानियासनं बाटली उलटी केली
आणि गोळ्या पडतच राहिल्या.

एकोणीस.
सेलेस्तिनानं परत मोजल्या, बोटानं दोन-दोन सरकवत,
जणू दुसऱ्यांदा मोजलं तर हिशेब लाजून बरोबर येईल.
एकोणीस.
म्हणजे सतरा रात्री.

"आवाज होतो," तो म्हणाला.
मोआतीझेला खाणीवर लागलाय तो, एका खोलीत आठजण.
"बाटली काढली की वाजते. सगळे माना वळवतात.
एकजण म्हणाला, काय रे,
खुळखुळा घेऊन झोपतोस?"
त्या रात्रीपासून बाटली बॅगेच्या तळाशी
मोज्यात.

पस्तिशीचा गडी, मान खाली.
मला वाटलं, आता सेलेस्तिना सोडत नाही याला.
तिचा नवरा असाच गेलाय,
रोज म्हणायचा, उद्यापासून.

ती उठून आत गेली, उशी घेऊन आली.
दातांनी शिवण उसवली.
मूठभर कापूस ओढून काढला,
गोळ्या परत बाटलीत भरल्या, वर कापूस दाबला, झाकण लावलं
आणि त्याच्या कानाशी नेऊन हलवली.

काही नाही.
परत हलवली.
ते काही नाही झेफानियासनं डोळे मिटून ऐकलं,
बराच वेळ.

दवाखान्यात नर्स विचारते, कुणाच्या चुकल्या?
रोझिताची कोंबडी मी सांगत नाही.
झेफानियासच्या सांगते. सतरा.
कारण?
आवाज होत होता, म्हणते मी.
ती कागदावर बोट फिरवते.
विसरले. प्रवासात होते. उलट्या झाल्या. औषध संपलं.
आवाजाला रकाना नाही.
ती 'इतर'वर खूण करते
आणि पेन तसंच धरून माझ्याकडे बघत राहते.

परतीला चढ.
पिशवीत सहा नव्या बाटल्या,
पावलागणिक वाजतात.
दोन्ही बाजूंना गोरखचिंचा, माणूस एकही नाही,
तेव्हा वाजू देते खुशाल,
मीही जरा पाय आपटत चालते.
गाव दिसायला लागलं की पिशवी छातीशी धरेन.

सेलेस्तिनाची उशी
अजून बरीच जाड आहे.