सदर

माझ्या गिरणीसमोर वीस वर्षं एक पाटी उभी होती.
वरच्या ओळीत: सदर
खाली: जागा न्यायप्रविष्ट आहे.
मागं वखार होती म्हणे कधी काळी.
मी बघितली ती घाणेरी, बाटल्यांच्या काचा,
आणि एकोणीसच्या पुरात पंचगंगेनं आणून ठेवलेलं
कुणाचं तरी बिनदाराचं कपाट.
त्यात दरसाल मांजर व्यायची.
शुक्रवार पेठेतल्या बायका
नाकाला पदर लावूनच दळण टाकायच्या.

सुरुवात कुणी केली विचाराल, तर म्हशीनं.
आदगोंडाची चंद्री दावं तोडून आत शिरली
आणि काही केल्या बाहेर येईना.
दिवस कलला, तशी धार तिथंच काढली त्यानं.
फेसाचे ग्लास घ्यायला चार माणसं आली,
दुसऱ्या दिवशी अकरा.

उभ्यानं दूध पिणाऱ्याला
पायाखालचं दिसायला लागतं.
बंडा चौगुलेनं ग्लास टेकवायला म्हणून
दोन काचा बाजूला सारल्या, एवढंच.
शमशादनं खराटा आणला.
कुणी कपाट आडवं केलं, त्याचा बाक झाला.
(मांजरीला आधी पोतं अंथरून दिलं.)
मीटिंग नाही, वर्गणी नाही.
उद्घाटन कधी, म्हणून एक फोन आला होता,
बंडा म्हणाला, राँग नंबर.

माझ्याकडं टाकी लावून लावून
पातळ झालेले गिरणीचे दोन दगड पडून होते.
तिघांनी ढकलत नेले.
आयुष्यभर गरगरलेले ते,
आता त्यांच्यावर माणसं बसतात.
गिरणीतून वायर ओढून एक बल्ब दिला.
मीटर माझा फिरतो. फिरू दे.

मग एका संध्याकाळी वखारवाला थोरला आला.
दोन दिवसांनी धाकटा.
आम्ही गप्प. आता हाकलणार.
एक या दगडावर बसला, एक त्या.
मधे चंद्री, रवंथ करत.
बऱ्याच वेळानं धाकटा म्हशीकडं बघून म्हणाला,
"दूध पातळ लागतंय आज."
थोरला म्हणाला, "व्हय."
तारखेला अजून दोघं वेगवेगळ्या रिक्षानं जातात.
दावा चालूच आहे.

पोरं पाटीला पाठ टेकून बसतात,
खालची ओळ घासून घासून गेली सगळी.
दस्तगीर पेंटरनं ब्रश बुडवला, विचारलं,
"पुढचं काढू का परत?"
बल्बाखाली पत्ते चालले होते,
शमशाद लेकीची वेणी घालत होती,
कुणी वर बघितलं नाही.
त्यानं मग वरचाच एक शब्द
ठळक केला, आणि ब्रश पुसला.

मी नऊला गिरणी बंद करते.
केसांतलं पीठ झटकत जाऊन बसते घटकाभर.
चंद्री गाभण आहे. दोन महिन्यांत आटेल.
तेव्हा संध्याकाळी कशाला यायचं,
हे अजून कुणी
बोललेलं नाही.